चुलीपासून मधल्या ओट्यापर्यंत

नागपूरहून दक्षिणेकडे निघालेला महामार्ग सुमारे ३० किलोमीटरवर बुटीबोरीस पोहोचतो आणि तेथे त्याला दोन फाटे फुटतात. एक हिंगणघाटमार्गे हैदराबादकडे जातो, दुसरा वर्ध्याकडे वळतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची विस्तीर्ण वसाहत या गावी उभी राहिली, कारखाने आले आणि कारखान्यांमागोमाग नवी घरेही आली. नव्या घराचा नकाशा आखताना अलीकडे जो शब्द वारंवार कानी पडतो, तो म्हणजे 'किचन आयलंड'. स्वयंपाकघराच्या मध्यभागी, कोणत्याही भिंतीला न टेकता उभारलेला ओटा. चहूबाजूंनी मोकळा, म्हणून त्याला बेटाची उपमा.

हे बेट सजवावे कसे, त्यावर दगड कोणता बसवावा, वर दिवे किती टांगावेत, याची चर्चा घरोघर चालते. हा प्रश्न आम्ही क्षुल्लक मानत नाही. मात्र त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी ओट्याचा इतिहास पाहणे इष्ट ठरेल. स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीचे तोंड कोणत्या दिशेला होते, तिची पाठ कोणाकडे होती आणि तिच्या छातीत किती धूर जात होता, हा त्या इतिहासाचा गाभा होय.

चूल आणि धूर

आपल्याकडील जुने स्वयंपाकघर जमिनीवर वसलेले होते. मातीची चूल, तिच्या शेजारी वैल, जवळ फुंकणी आणि चिमटा, एका बाजूस पाटा-वरवंटा, कोपऱ्यात उतरंड. गृहिणी पाटावर किंवा उकिडवी बसून रांधत असे. अनेक घरांत चुलीची जागा सर्वांत आतल्या खोलीत असे, कारण सोवळ्याओवळ्याच्या कल्पनांनी तिच्याभोवती कुंपण घातले होते. चुलीपर्यंत कोणी जावे आणि कोणी उंबऱ्याबाहेर थांबावे, हे जात ठरवीत असे. स्वयंपाकघराच्या रचनेत समाजाची रचना अशी उमटलेली होती.

त्या स्वयंपाकघरालाही सजावट होती, पण ती कामापासून वेगळी काढता येत नव्हती. शेणाने सारवलेली भुई, पोतेऱ्याने पोतलेली चूल, मांडणीवर चकाकणारी पितळेची भांडी: स्वच्छता हेच तेथील सौंदर्य. परंतु या सौंदर्यामागे काळवंडलेले आढे आणि चुरचुरणारे डोळेही होते, हे विसरता कामा नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरगुती धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसे मृत्युमुखी पडली.

वर्ध्याची मगन चूल

या धुराविरुद्धच्या लढाईतील एक महत्त्वाचे पान बुटीबोरीतून फुटणाऱ्या त्या दुसऱ्या वाटेवर, वर्ध्यास लिहिले गेले. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्याची मगनवाडी हे त्याचे केंद्र, आणि जे. सी. कुमारप्पा हे त्याचे चिटणीस. तामिळ ख्रिस्ती कुटुंबात १८९२ साली जन्मलेल्या कुमारप्पांचे मूळ नाव जोसेफ कॉर्नेलियस. हिशेबतपासनीसाचा व्यवसाय सोडून त्यांनी खेड्यांच्या अर्थकारणाला वाहून घेतले आणि येशूच्या शिकवणुकीवरही ग्रंथलेखन केले. तेलघाणी, हातकागद, मधुमक्षिकापालन यांबरोबरच खेड्यातील चुलीचाही विचार मगनवाडीत झाला. गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी यांच्या नावाने ओळखली जाणारी 'मगन चूल' हे त्या विचाराचे फळ. बंदिस्त मातीची ही चूल एका जाळावर एकाहून अधिक भांडी तापवी आणि धूर धुराड्यावाटे घराबाहेर सोडी. १९३८ साली उघडलेले मगन संग्रहालय आजही वर्ध्यात आहे.

पुढे १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. १९५५ साली मुंबईत सिलिंडरमधील गॅस घरगुती वापरासाठी विकला जाऊ लागला होता, तो हळूहळू शहरांतून गावांकडे सरकला. २०१६ मध्ये उज्ज्वला योजनेने तो गरीब कुटुंबांपर्यंत नेण्याचा प्रयत्न केला. सिलिंडर भरून आणण्याचा खर्च न परवडल्यामुळे पुन्हा चूल पेटविणारी घरेही आहेत. म्हणूनच हा इतिहास अद्याप पुरा झालेला नाही.

स्त्री उभी राहिली, पण भिंतीकडे तोंड करून

शहरी घरात गॅसने ओट्याला पक्के स्थान दिले. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर असावी हा सुरक्षिततेचा नियम. त्यामुळे सिलिंडर खाली, शेगडी वर आणि दोहोंमध्ये कडाप्पा किंवा शहाबादी फरशीचा ओटा ही रचना सर्वत्र रूढ झाली. वाकलेली पाठ सरळ झाली. उठबस कमी झाली. ही मुक्ती लहान नव्हती.

तथापि ओटा भिंतीला चिकटलेला होता. पूर्वीची गृहिणी चुलीपाशी बसून समोर पंगतीला वाढत असे, पोरांशी बोलत असे. उभी राहिलेल्या गृहिणीची पाठ मात्र घराकडे वळली. तासन्‌तास तिच्या दृष्टीपुढे फरशांची भिंत आली.

हा अनुभव केवळ आपला नव्हता. १९२६ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार स्त्रीने कामगारवस्त्यांसाठी एक छोटे स्वयंपाकघर योजिले. सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब अशा जागेत तिने प्रत्येक डबा, प्रत्येक फळी हाताच्या अंतरावर आणली. आगगाडीच्या भोजनडब्यातील स्वयंपाकघर तिच्या डोळ्यांपुढे होते. स्त्रीचे श्रम व वेळ वाचावा हा हेतू. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बांधली गेली आणि आधुनिक ओट्याची परंपरा तेथून जगभर पसरली. पुढील पिढीतील स्त्रियांनी मात्र तिच्यावर आक्षेप घेतला. त्या चिंचोळ्या खोलीत एकाच माणसाला उभे राहता येई. हेतू मुक्तीचा होता, फळ एकांतवासाचे मिळाले.

मधला ओटा हे या एकांतवासाला दिलेले उत्तर होय. युरोपातील जुन्या मोठ्या घरांत स्वयंपाकघराच्या मध्यभागी कामाचे भक्कम मेज असेच. अमेरिकेत १९३० नंतर फ्रँक लॉइड राइट या वास्तुशिल्पज्ञाने आपल्या लहान घरांत स्वयंपाकाची जागा जेवणाच्या जागेकडे खुली केली. १९६३ पासून जुलिया चाइल्ड या पाककुशल स्त्रीने दूरचित्रवाणीवर प्रेक्षकांकडे तोंड करून, समोरच्या ओट्यावर रांधून दाखविले. रांधणाऱ्याचा चेहरा पुन्हा माणसांकडे वळला.

सजावटीची कसोटी

आता सजावटीचा विचार सोपा होतो. हा ओटा चेहरा माणसांकडे वळावा म्हणून जन्मला आहे. जी सजावट त्या हेतूला साथ देईल ती ठेवावी, जी आड येईल ती काढावी.

उंच फुलदाण्या, बरण्यांची रांग, मोठी यंत्रे मधल्या ओट्यावर मांडली की पुन्हा भिंत उभी राहते. त्यापेक्षा पसरट पितळी परात किंवा वेताची टोपली बरी. नागपूर भागात हंगामात संत्र्यांनी भरलेली टोपली हीच पुरेशी शोभा आहे. टांगते दिवे ओट्यापासून अडीच फूट तरी उंच असावेत, म्हणजे उजेड हातावर पडतो आणि समोरच्याचा चेहरा झाकत नाही.

दगड निवडताना ग्रॅनाइट सर्वांत सोयीचा. संगमरवर डोळ्यांना भुरळ घालतो, पण तो चुनखडीच्या जातीचा असल्याने लिंबू, चिंच, कोकम यांच्या आंबटपणाने त्याची झिलई जाते आणि हळदीचा डाग त्यावर बसतो. कडाप्पाही त्याच जातीचा, तरी काळ्या रंगामुळे डाग लपवितो आणि खिशाला परवडतो.

विदर्भातील उन्हाळ्यात डोक्यावर पंखा हवाच, आणि पंख्याच्या वाऱ्याने ज्योत फडफडते. म्हणून शेगडी भिंतीलगत, धूर ओढणाऱ्या यंत्राखाली असावी आणि मधल्या ओट्यावर निवडणे, चिरणे, मळणे, लाटणे ही कामे व्हावीत. स्वयंपाकाचा बराचसा वेळ याच कामांत जातो. ओट्याभोवती फिरण्यास सर्व बाजूंनी तीन ते साडेतीन फूट जागा लागते. ती नसेल तर चाकांचे लाकडी मेज तेच काम करते. ओट्याची उंची घरात जो रांधतो त्याच्या कोपराहून चार बोटे खाली असावी, छापील पुस्तकातील मापानुसार नव्हे. एखाद्या बाजूस स्टूल सरकविता येतील एवढा दगड पुढे काढला, तर आजीला बसून लसूण सोलता येते आणि मुलांना अभ्यास करता येतो.

नाताळपूर्वीच्या दिवसांत करंज्यांची पारी लाटणे, सारण भरणे, कडा कातरणे ही कामे एकट्याने होत नाहीत. अशा वेळी हा ओटा खरा शोभतो, कारण त्याच्या चारही बाजूंना माणसे असतात.

येथेच आम्हांस एक प्रश्न विचारावासा वाटतो. धूर हटविण्यास अनेक दशके लागली, पाठ सरळ करण्यास तितकीच, भिंत दूर सारण्यासही तितकीच. एवढे झाल्यावर त्या मोकळ्या ओट्यापाशी एकटी गृहिणी, किंवा तिच्याऐवजी घरकाम करणारी बाई, तेवढीच उभी राहणार असेल आणि बाकीचे कुटुंब दिवाणखान्यातून ताटाची वाट पाहणार असेल, तर आपण केवळ अधिक महाग दगड विकत घेतला असे म्हणावे लागेल. नव्या घराचा नकाशा काढताना बेटाची लांबी-रुंदी ठरवावी, त्याचबरोबर त्याच्या कोणत्या बाजूस घरातील कोण उभे राहणार, हेही घरातल्या सर्वांनी मिळून ठरवावे.