घाटाखालचा थांबा : कर्जतच्या वड्यामागचा इतिहास

मुंबईहून पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते, ती प्रवाशांनी वडा खावा म्हणून नव्हे. पुढे बोरघाट आहे आणि एकट्या इंजिनाला तो चढवत नाही, म्हणून ती थांबते. गाडीच्या शेपटीला जादा इंजिने जोडावी लागतात. रेल्वेच्या भाषेत त्यांना ‘बँकर’ म्हणतात. ती जोडली जाईपर्यंत जी चार-पाच मिनिटे मिळतात, तेवढ्यात फलाटावर वडेवाल्यांची हाक उठते, खिडक्यांतून हात बाहेर येतात, सुट्ट्या पैशांची देवघेव होते आणि डब्यात गरम तेलाचा व लसणीच्या चटणीचा वास पसरतो. मुंबई-पुणे असा नित्य प्रवास केलेल्या मराठी माणसाला दिवाडकरांचा वडा म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. नेरळ गेले की अर्धा डबा सावध होतो.

रोजच्या जगण्यातील अशा बारीकसारीक सुखांना इतिहासात सहसा जागा मिळत नाही. घाटाचा चढ, बोगद्यांची लांबी, इंजिनांची ताकद यांच्या नोंदी तपशीलवार होतात; वाट पाहून खाल्लेल्या वड्याची नोंद कोण करणार? पण या वड्याच्या मागे जात राहिले, तर दोनशे वर्षांचा पट उलगडतो. त्यात पेशवाईतला एक तलाव आहे, हजारो मजुरांचे मरण आहे, सोवळ्याओवळ्याचे शास्त्र आहे आणि यंत्रविद्येतले एक जुने कोडेही आहे. या लेखात तो पट मांडण्याचा प्रयत्न आहे.

पायथ्याची विश्रांती

घाटाच्या पायथ्याशी थांबणे ही गोष्ट रेल्वेपेक्षा पुष्कळ जुनी आहे. कोकणपट्टीतून देशावर चढणाऱ्या माणसाला, बैलाला आणि घोड्याला चढणीआधी पाणी व विसावा हवाच असे. खोपोलीला नाना फडणविसांनी बांधलेला तलाव आणि त्याच्या काठचे महादेवाचे देऊळ आजही आहे. पुण्याच्या कारभाऱ्याने घाटाखालच्या एका खेड्यात तलाव बांधावा, याचा अर्थ त्या जागेचे महत्त्व तेव्हाच्या राज्यकर्त्यांनी पुरते ओळखले होते.

इंग्रजांनी १८०४ मध्ये जनरल वेलस्लीच्या काळात तोफा नेण्यापुरता हा घाट सुधारला. पुढे गाडीरस्ता तयार झाला आणि १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम याने तो खुला केला. मुंबईकर होडीने पनवेलला उतरत, तेथून खोपोली, मग घाट, खंडाळा आणि पुणे. या वाटेवर खोपोलीचा मुक्काम चुकवणे कठीण होते.

रेल्वे आली तरी प्रथम हा मुक्काम सुटला नाही, उलट पक्का झाला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. १८५४ मध्ये रूळ कल्याणला आणि १८५६ मध्ये पळसधरीमार्गे थेट खोपोलीला पोचले. घाटावर खंडाळा ते पुणे हा मार्ग १४ जून १८५८ रोजी सुरू झाला. मधला घाट मात्र रिकामा होता. त्यामुळे पाच वर्षे पुण्याचा प्रवासी खोपोलीला आगगाडीतून उतरून पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढे आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत बसे. त्या काळात खोपोली हे स्टेशनही होते आणि वाहन बदलण्याचा अड्डाही.

घाट कोणी चढवला

बोरघाटातील रेल्वेचे काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झाले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य अभियंता जेम्स बर्कली याने आखलेला हा मार्ग सुमारे सोळा मैलांत अठराशे फुटांहून अधिक उंची गाठतो. सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना एक फूट, असा आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर धावते तेव्हा घर्षण कमी असते. सपाटीवर हाच रेल्वेचा मोठा गुण, पण चढावर तोच दोष होतो. ३७ला १ हा आकडा रस्त्यावरच्या मोटारीला क्षुल्लक वाटेल. शेकडो टनांच्या गाडीला मात्र तो जेरीस आणतो.

हा आकडा कागदावरून डोंगरावर उतरवताना किती माणसे खर्ची पडली, याचा हिशेब मन विषण्ण करतो. १८६१ च्या सुमारास एका वेळी ४२,००० मजूर या घाटात राबत होते. पटकी आणि ताप यांनी छावण्याच्या छावण्या ओस पडल्या, हजारो माणसे मेली. १८५९ च्या सुरुवातीस मजुरीच्या प्रश्नावरून मजूर आणि युरोपीय देखरेखवाले यांच्यात मोठी मारामारी झाली. पहिला कंत्राटदार फॅविएल याने त्याच वर्षी काम सोडले. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांतच आजाराने वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट सोडून दिले नाही. जाणत्या अभियंत्यांच्या हाती देखरेख देऊन तिने ते तडीस नेले. खुद्द बर्कली १८६२ मध्ये इंग्लंडात निवर्तला. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर याच्या हस्ते घाटमार्गाचे उद्घाटन झाले, ते त्याला पाहता आले नाही.

उद्घाटनाने खोपोलीचे महत्त्व एका दिवसात ओसरले. मुख्य मार्ग पळसधरीहून थेट घाटात शिरला आणि खोपोली फाट्यावरचे शेवटचे स्टेशन झाली. पायथ्याचा थांबा कर्जतला सरकला. इथे उल्हास नदीचे पाणी होते, सपाट जागा होती. घाटाची खास इंजिने इथून गाडीला लागू लागली. एका साध्या तालुक्याच्या गावाला रेल्वेच्या वेळापत्रकात कायमची जागा मिळाली, ती अशी.

दशमी ते वडा

गाडी थांबली म्हणजे प्रवासी लगेच खिडकीतून खाऊ विकत घेऊ लागला, असे मात्र झाले नाही. त्यासाठी आणखी एक घाट चढावा लागला, तो मनातला.

एकोणिसाव्या शतकातील सोवळे पाळणारा मराठी प्रवासी घरून दशमी घेऊन निघे. दशमीचे पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवतात. पाण्यात शिजलेले अन्न लवकर विटाळते, दुधातुपातले तितके नाही, या समजुतीतून प्रवासाचे हे अन्न ठरले होते. सोबत लोणचे, गूळ, चटणी आणि स्वतःचा तांब्या. आगगाडीत मात्र जातीनिहाय डबे नव्हते. तिकिटाचे पैसे देईल तो शेजारी बसे. रेल्वेने स्टेशनांवर हिंदू आणि मुसलमान यांच्यासाठी पाण्याची वेगळी सोय केली, उपाहारगृहे वेगळी ठेवली. चहासुद्धा ‘हिंदू चाय’ आणि ‘मुस्लिम चाय’ अशा हाका मारून विकला जाई. त्या हाका विसाव्या शतकातही ऐकू येत.

अशा समाजात फलाटावर तळलेला पदार्थ आधी मान्य झाला, हे ओघानेच आले. तळलेले अन्न ‘पक्के’, त्याचा विटाळ कमी. बटाटा तर उपवासालाही चालणारा. खरे पाहता हा बटाटा पोर्तुगिजांबरोबर अमेरिका खंडातून आलेला, त्याचे नावही त्यांनीच दिलेले. मिरचीही त्याच वाटेने आलेली. पण एकोणिसाव्या शतकात पुणे जिल्ह्यातील खेड-जुन्नरच्या शेतांत बटाटा रुजला होता आणि उपवासाच्या पानात जाऊन बसला होता. त्याला हरभऱ्याच्या डाळीच्या पिठाचे आवरण मिळाले आणि वडा झाला. परका कंद आपल्या बेसनात असा लपेटला गेला की तो परका आहे याची आठवण कोणाला उरली नाही.

एकाच कढईतला वडा, एकाच टोपलीतून, कोणाही हातात. विकणाऱ्याने घेणाऱ्याची जात विचारायची नाही, कारण तेवढा वेळच नाही. गाडी सुटेल. जे काम सुधारकांच्या व्याख्यानांनी आणि सहभोजनांनी मोठ्या कष्टाने पुढे रेटले, त्यातला एक छोटा वाटा फलाटावरच्या घाईनेही उचलला. घाईला हे श्रेय द्यायला संकोच वाटतो, तरी ते तिला द्यायलाच हवे. अर्थात टोपली कोणाच्या डोक्यावर असावी, परवाना कोणाला मिळावा, हे प्रश्न त्या घाईने सुटले नाहीत.

चार मिनिटांचा बाजार

१९२९ च्या सुमारास घाटाचा मार्ग सुधारला. खंडाळ्याखाली गाडीची दिशा उलटवण्याचे जे रिव्हर्सिंग स्टेशन होते ते बंद झाले आणि कल्याण-पुणे मार्गावर विजेची इंजिने आली. १ जून १९३० रोजी दख्खनची राणी सुरू झाली. तिला उपाहाराचा स्वतंत्र डबा होता, त्यात टेबलखुर्चीवर बसून खाता येई. पण राणीलाही घाट चढण्यासाठी कर्जतला मागून टेका घ्यावाच लागे. म्हणजे एका टोकाच्या डब्यात काटाचमचा आणि खिडकीबाहेर कागदात बांधलेला वडा, अशी दोन जगे एकाच फलाटावर उभी राहत. वड्याची चाहती माणसे दोन्हीकडे होती.

या चार मिनिटांच्या बाजाराचे स्वतःचे नियम आहेत. माल गरम हवा, म्हणून गाड्यांच्या वेळेनुसार कढई चढते. गाडी उशिरा आली तर घाणा थांबवावा लागतो. वडा नुसता घ्यावा की पावात, हा ज्याच्या त्याच्या पिढीचा प्रश्न. दादर स्टेशनबाहेर १९६६ मध्ये अशोक वैद्य यांनी वडा पावात घातला असे सांगतात, त्यानंतर तो कामगार मुंबईचे जेवण झाला. कर्जतचा वडा जेवण नव्हे, चढणीआधीचे खाणे आहे.

शिवाय या फलाटाला ऋतू आहेत. उन्हाळ्याच्या अखेरीस आसपासच्या वाड्यांतल्या ठाकर आणि कातकरी बाया पानांच्या द्रोणांत करवंदे आणि जांभळे घेऊन गाडीशी येतात. पाऊस धरला की प्रवाशाला दुसरी प्रतीक्षा लागते, ती पळसधरीनंतरच्या धबधब्यांची. वर लोणावळ्याला चिक्की असतेच. या दोन खाऊंत मात्र फरक आहे. चिक्की टिकते. ती घरच्यांसाठी न्यायची असते, प्रवास करून आल्याचा पुरावा म्हणून. वडा नेता येत नाही. तो तिथेच, तेव्हाच खायचा असतो, आणि म्हणून त्याची वाट पाहावी लागते. घरी तेलकट थंड वडा घेऊन गेलेल्याला हा फरक चांगला कळतो.

थांबा सरला तर

रस्त्याने जाणाऱ्यांचा पायथा २००२ मध्ये पुन्हा हलला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि जुन्या रस्त्यावरच्या खोपोलीच्या वर्दळीचा मोठा भाग खालापूरच्या टोलनाक्याजवळच्या फूडमॉलकडे गेला. नाना फडणविसांच्या तलावापासून हे ठिकाण फार लांब नाही. वाहन बदलले तरी घाटाआधी थांबण्याची गरज त्याच परिसराला चिकटून राहिली. पण फूडमॉलवर थांबणे ऐच्छिक असते. तिथे वेळ मिनिटांत मोजलेला नसतो, आणि सगळे डबे एकाच क्षणी सावध होत नाहीत.

रेल्वेचे कोडेही आता सुटू लागले आहे. गाडीच्या दोन्ही टोकांना इंजिन लावून एकत्र चालवण्याची पद्धत आली. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत तर बँकरशिवाय घाट चढते, कारण तिच्या अनेक डब्यांखाली स्वतःच्या मोटारी आहेत. ती कर्जतला थांबत नाही. प्रवाशाची काही मिनिटे वाचतात. उद्या सर्वच गाड्या अशा झाल्या, तर १८६३ पासून कर्जतच्या वाट्याला आलेला थांबा संपेल.

याबद्दल हळहळ करावी का? सावध उत्तर द्यायला हवे. कर्जतचे ते सुख कोणी आखून दिलेले नव्हते. त्याच्या मुळाशी एक अडचण होती, आणि ती अडचण पार करताना हजारो माणसांनी जीव दिला होता. इंजिन दुबळे राहावे, अशी इच्छा धरणे म्हणजे आपल्या जिभेसाठी दुसऱ्यांना खोळंबा मागणे होय. पण वेळ वाचवणाऱ्या प्रत्येक सुधारणेच्या हिशेबात एक रकाना मोकळा राहतो. त्या फलाटावर पोट भरणारी कुटुंबे, द्रोण विकणाऱ्या बाया आणि अनोळखी माणसांनी एकाच वेळी एकाच गोष्टीची वाट पाहणे, हे त्या रकान्यात लिहायचे राहून जाते. जुने बोगदे, पूल आणि इंजिने जपण्यासाठी संग्रहालये आहेत. थांबा संग्रहालयात ठेवता येत नाही.

म्हणून निदान त्याची नोंद असावी. कर्जतला आजही बहुतेक गाड्यांना मागून इंजिने लागतात. लागताना एक हलका धक्का बसतो. जाणता प्रवासी त्या धक्क्याआधीच पैसे चुकते करून, कागदाची पुडी मांडीवर घेऊन बसलेला असतो.