सरळ सुईची शंभर वर्षं

न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमध्ये १९१७ च्या सुमारास बेंजामिन बॅरिंजर प्रोस्टेटच्या कर्करोगावर रेडियमच्या सुया वापरत होते. वृषणांच्या मागच्या त्वचेतून सुई आत जायची आणि तिचं टोक कुठवर पोचलं हे गुदद्वारात घातलेल्या बोटाला कळायचं. प्रोस्टेटची मऊ गाठ एक्स-रेत दिसत नसे, सोनोग्राफीचा तर अजून पत्ताच नव्हता. वाट दाखवायला होतं ते डॉक्टरांचं बोट.

एवढा खटाटोप करून सुई गाठीतच का न्यायची? किरणोत्सारी कणापासूनचं अंतर दुप्पट झालं की माऱ्याची तीव्रता साधारण चौथाईवर येते. त्यामुळे स्रोत गाठीच्या पोटातच ठेवला तर गाठ जळते आणि शेजारचं मूत्राशय, आतडं बरंचसं वाचतं. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १९०३ मध्येच एका डॉक्टरांना पत्र लिहून सुचवलं होतं, की बारीक काचनळीत रेडियम भरून ती थेट कर्करोगाच्या गाभ्यात ठेवून पाहावी. आज या उपचाराला ब्रेकीथेरपी म्हणतात. मात्र ज्या गुणामुळे ती उपयोगी पडते, तोच सुई धरणाऱ्या हाताची परीक्षा पाहतो. सुई काही मिलिमीटर भरकटली तरी गाठीचा एखादा कोपरा सुटतो आणि निरोगी भाग भाजून निघतो.

या अंदाजाच्या कामाला गणिताची बैठक मिळाली ती १९३० च्या दशकात मँचेस्टरला. होल्ट रेडियम इन्स्टिट्यूटमधल्या राल्स्टन पॅटरसन आणि हर्बर्ट पार्कर यांनी नियम घालून दिले: सुया समांतर हव्यात, दोन सुयांत साधारण एक सेंटिमीटर अंतर हवं, टोकांशी आडव्या सुया हव्यात. किती रेडियम किती तास ठेवायचं याचे तक्तेही त्यांनी तयार केले. हा सगळा हिशेब सुई सरळ जाते आणि सरळच राहते, या गृहीतावर उभा होता. जीभ किंवा ओठ यांसारख्या डोळ्यांसमोरच्या जागी ते निभावून जाई. खोलवरच्या अवयवात मात्र ते पाळणं फार कठीण होतं.

त्याच दशकात, १९३१ मध्ये, सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. परदेशात असते तशी रेडियमची सोय भारतात व्हावी, हा दोराबजींचा ध्यास होता. तेही पुढच्याच वर्षी गेले. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडायला १९४१ साल उजाडलं.

रेडियमच्या सुयांची किंमत डॉक्टर आणि परिचारिकांनीही मोजली. सुई टोचताना, शिवताना, काढताना ती सतत किरणं सोडत असे, आणि हळू, काळजीपूर्वक काम करणाऱ्या हातांना जास्त किरणं लागत. उलरिख हेन्श्के यांनी मेमोरियलमध्येच दुसरी रीत रुजवली: आधी रिकाम्या नळ्या नीट बसवायच्या आणि किरणोत्सारी स्रोत मागाहून आत सोडायचा. पुढे इरिडियमचा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा स्रोत तारेच्या टोकाला बसवून यंत्राने आत ढकलता येऊ लागला आणि माणसं दुसऱ्या खोलीत थांबू लागली. या इतिहासातली सर्वांत मोठी उडी हीच म्हणावी लागेल, कारण आता सुई बसवायला वेळ घेणं शक्य झालं.

१९८३ मध्ये डेन्मार्कच्या हान्स हेन्रिक होल्म यांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत प्रोस्टेटमध्ये आयोडिनचे किरणोत्सारी दाणे पेरण्याची पद्धत मांडली. बाहेर भोकांची चौकट लावायची आणि प्रत्येक भोकातून एक सुई सरळ आत न्यायची. आज सर्रास वापरात असलेल्या चौकटीत दोन भोकांमध्ये पाच मिलिमीटर अंतर असतं. बॅरिंजर यांच्या बोटाची जागा पडद्याने घेतली. मात्र प्रोस्टेट मोठी असली की तिचा पुढचा भाग जांघेच्या हाडाच्या कमानीआड जातो आणि सरळ सुई हाडावर अडते. शिवाय तिरप्या टोकाची बारीक सुई मांसात शिरताना आपोआप एका बाजूला झुकते. ती पुन्हा रेषेवर आणण्यासाठी डॉक्टर तिला मधूनमधून फिरवत असत.

हा झुकण्याचा दोषच कामाला जुंपता येईल, हे २००६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या रॉबर्ट वेब्स्टर, अ‍ॅलिसन ओकामुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणिताने मांडून दाखवलं. हँडल एका बाजूला वळवून घट्ट बांधलेली सायकल जशी गोलात धावते, तशीच लवचीक तिरपी सुई ठरावीक वक्रावर चालते. मुळाशी धरून ती फिरवली की वक्राची दिशा बदलते. म्हणजे ढकलणं आणि फिरवणं या दोनच हालचालींत हाडाला वळसा घालणं निदान तत्त्वतः शक्य झालं. इतरांनी सुईत बारीक तारा घालून त्या ओढून टोक वाकवलं, प्रकाशतंतूने तिचा आकार मोजला. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये लाकडात भोक पाडून अंडी घालणाऱ्या गांधीलमाशीच्या अंडनलिकेवरून बेतलेली सुई घडली.

ब्रेकीथेरपीत मात्र आणखी एक पेच आहे. सुई पोकळ हवी आणि तिच्यातून स्रोताची ताठर तार अडकल्याशिवाय जायला हवी. वक्र फार तीव्र झाला तर तार पुढे सरकत नाही. २०१३ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी ही मर्यादा आधीच हिशेबात धरली. त्यांनी एकेका रुग्णाच्या शरीराच्या मापाने थ्रीडी-प्रिंट करायचा साचा आखला आणि त्याच्या आतल्या वक्र वाटा तार पेलेल इतक्याच वाकवल्या. इथे सुईला शरीरात वळावंच लागत नाही, वळण साच्यातच असतं. वळणाऱ्या सुयांच्या मानाने हा मार्ग साधा वाटला, तरी रुग्णाच्या खाटेपर्यंत लवकर पोचण्याची शक्यता त्याचीच जास्त दिसते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात गाठ कडेकडेने ओटीपोटाच्या भिंतीकडे सरकते तेव्हा सरळ, समांतर सुया तोकड्या पडतात. भारतात पुष्कळ बायका रोग असा पसरल्यावरच दवाखान्यात पोचतात, त्यामुळे हा प्रश्न इथे पुस्तकी नाही. टाटा मेमोरियल आणि व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात सुया धरणाऱ्या व्हिएन्नाच्या गोल कडीवर आणखी एक कडी बसवली होती. तिच्या भोकांतून सुया तिरक्या बाहेरच्या दिशेने जातात आणि गाठीच्या त्या लांबच्या कडेला पोचतात. सुया सरळच आहेत, फक्त त्यांचा कोन बदलला आहे.