शिक्षणानुभवाची आत्मकथने (मराठी स्त्रियांची)

अक्षरओळख व शिक्षण यांमुळे आयुष्याला मिळालेले वळण सांगणारे आत्मचरित्रपर लेखन. रमाबाई रानडे (१८६२–१९२४) यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या ग्रंथात पती महादेव गोविंद रानडे हेच शिक्षक आहेत; विरोध होतो तो घरातल्या वडीलधाऱ्या बायकांकडून. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांनाही पती नारायण वामन टिळकांनीच शिकवायला घेतले. मात्र लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त या प्रयत्नांचे वर्णन मिस्कील आहे. आनंदीबाई कर्वे यांच्या ‘माझे पुराण’मध्ये बालवैधव्यानंतर पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात घेतलेले शिक्षण येते. बेबी कांबळे (१९२९–२०१२) यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये शिक्षणाची ओढ आंबेडकरी चळवळीतून येते आणि ती एका व्यक्तीपुरती न राहता समाजाची होते.

तुलना करताना शिकवणारा कोण, विरोध कोणाचा, निवेदनाचा सूर कसा आणि घटना व लेखन यांतील अंतर किती, हे निकष उपयोगी पडतात. ही कथने बहुधा उत्तरायुष्यात लिहिलेली असल्याने त्यांतील तपशील समकालीन पत्रे व संस्थांच्या अहवालांशी ताडून पाहावे लागतात.