क्लबचं नाव म्हणजे पुरावा नव्हे: कोल्हापूर ते कैरो



पेटची तयारी करताना किंवा सिनॉप्सिस लिहायला बसल्यावर बहुतेकांचं गाडं एकाच ठिकाणी अडतं: विषय हातात आहे, पण प्रश्न सापडत नाही. विषयातून प्रश्न कसा काढायचा, ते आज फुटबॉल क्लबांच्या इतिहासातून बघू. मी विज्ञानाचा विद्यार्थी. प्रयोगशाळेत बाटलीवर लेबल असतं, पण आत काय आहे हे तपासल्याशिवाय आम्ही निष्कर्ष लिहीत नाही. इतिहासात क्लबचं नाव हे असंच एक लेबल समजा.

आपल्या शिरूर अनंतपाळकडं तालीम म्हटलं की लाल माती आणि कुस्ती आठवते. कोल्हापुरात मात्र तालीम म्हटलं की फुटबॉलचा संघही डोळ्यांपुढे येतो. तिथल्या संघांची नावंच बघा: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ. फुटबॉलच्या संघाच्या नावात तालीम कशी आली? हा झाला तुमचा पहिला प्रश्न.

शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (1894 ते 1922) कुस्तीला मोठा राजाश्रय मिळाला, खासबाग मैदान उभं राहिलं. पेठांमधल्या तालमी म्हणजे पोरांनी एकत्र येण्याची हक्काची जागा. तिथं वडीलधारी माणसं होती, वर्गणी होती, सणउत्सव होते. फुटबॉल रुजला तेव्हा त्याला नवी संस्था शोधत बसावं लागलं नाही, जुनीच वापरता आली. म्हणून संघामागं नुसते खेळाडू नसतात, अख्खी गल्ली असते. शाहू स्टेडियमवरच्या सामन्याला जी गर्दी आणि ईर्षा दिसते, तिचं मूळ इथं आहे, असं मला वाटतं.

आता गृहीतक मांडू: "कोल्हापूरची फुटबॉलची स्पर्धा म्हणजे पेठ विरुद्ध पेठ." ऐकायला एकदम पटतं. शिवाजी पेठेचं शिवाजी तरुण मंडळ आणि मंगळवार पेठेचं पाटाकडील यांच्याकडे बघितलं तर ते खरंही वाटतं. पण थांबा. खंडोबा तालीमही शिवाजी पेठेतलीच आणि बालगोपाल तालीमही मंगळवार पेठेतलीच. म्हणजे एकाच पेठेत दोन दोन संघ आहेत आणि ते एकमेकांविरुद्ध खेळतात. गृहीतक सगळं टाकून द्यायची गरज नाही, पण ते दुरुस्त करावं लागेल: निष्ठेचं एकक पेठेपेक्षा लहान आहे, ते तालीम किंवा मंडळ आहे. त्यात अलीकडच्या हंगामांत काही संघांनी आफ्रिकन खेळाडूही आणले. गोल करणारा पोरगा आपल्या गल्लीतला नसला तरी जल्लोष तोच राहतो का? हा झाला दुसरा प्रश्न, आणि यावर चांगला प्रबंध होऊ शकतो.

आफ्रिकेचा विषय निघालाच आहे तर कैरोला जाऊ. हीच पद्धत दुसरीकडे चालते का, ते तपासायला हवं. अल अहली आणि झमालेक हे तिथले दोन जुने वैरी. अहलीची स्थापना 1907 ची. नावाचा अर्थ "राष्ट्रीय". इंग्रजांच्या वर्चस्वाच्या काळात इजिप्शियन विद्यार्थ्यांना हक्काची जागा असावी, हा त्यामागचा हेतू. झमालेक 1911 चा, बेल्जियन वकील जॉर्ज मर्झबाख यांनी काढलेला. काही काळ त्याचं नाव "मुख्तलत", म्हणजे "मिश्र" होतं. नंतर राजा फारूकचं नाव मिळालं आणि 1952 च्या क्रांतीनंतर ते गेलं. एवढ्यावर आपण लिहून मोकळे होतो: एक देशी क्लब, एक परदेशी क्लब.

पण लेबल तपासा. "राष्ट्रीय" अहलीचा पहिला अध्यक्ष मिचेल इन्स हा इंग्रज होता. आणि झमालेक हे नाईलमधल्या बेटावरच्या वस्तीचं नाव. आज त्या बेटावर मुख्यालय आहे ते अहलीचं, तर झमालेक क्लब नदीपलीकडे गिझाच्या बाजूला आहे! नावातून संस्थापकांना काय म्हणायचं होतं ते कळतं. प्रत्यक्षात काय घडलं ते वेगळं शोधावं लागतं.

हे सगळं कशासाठी? 1 फेब्रुवारी 2012 ला पोर्ट सईदमध्ये अल मसरी विरुद्ध अल अहली सामन्यानंतर 70 हून जास्त माणसं मेली. "चाहत्यांचा राडा" असं म्हणून तो विषय मिटवता आला असता. पण अहलीचे कट्टर समर्थक 2011 च्या उठावात रस्त्यावर होते, आणि स्टेडियममधले पोलीस बघत का राहिले हा प्रश्न इजिप्तमध्ये जोरात विचारला गेला. कारण कोणतं मानायचं, त्यावर दोष कोणाच्या माथी जाणार हे ठरतं. आपल्याकडेही सामन्यात दगडफेक झाली की "पोरं बिघडली" म्हणून सगळे मोकळे होतात. संशोधकानं तिथंच थांबायचं नसतं.

आता तुमचं काम. आपल्या तालुक्यातली कुस्तीची तालीम घ्या, कबड्डीचा संघ घ्या किंवा क्रिकेटचं मंडळ घ्या. तीन गोष्टी लिहून काढा: नाव कोणी ठेवलं, वर्गणी कोण देत होतं आणि कोणाला आत घेत नव्हते. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड, कारण ती पावतीपुस्तकात सापडत नाही. त्यासाठी म्हाताऱ्या माणसांजवळ बसावं लागतं. जुने फोटो, हजेरीवह्या, पत्रिका दिसल्या की लगेच मोबाईलवर टिपून घ्या, मागं तारीख असली तर तीही. वाळवी आणि घर बदलणं, दोन्ही कोणासाठी थांबत नाहीत.

आणि तुमच्या गृहीतकाला छेद देणारं एक तरी उदाहरण मुद्दाम शोधा. ते सापडलं की तुमचा प्रश्न तयार झाला म्हणून समजा.