जीपच्या ब्रेकांचे स्थित्यंतर

कसारा, वरंधा, कुंभार्ली आणि फोंडा या घाटांच्या उतारांवरून गेली पाऊणशे वर्षे जीप धावत आली आहे. परंतु तिच्या इंजिनाच्या बळाविषयी जितके कौतुकाने बोलले गेले, त्याच्या दशांशानेही तिच्या ब्रेकांविषयी बोलले गेले नाही. वस्तुतः चढण ही इंजिनाची कसोटी, तर उतार ही ब्रेकांची. आणि चढणीवर हरलेली गाडी जागच्या जागी उभी राहते, उतारावर हरलेली राहत नाही. म्हणूनच जुन्या जीपचे ड्रमब्रेक उतरवून तिला डिस्कब्रेक बसवण्याचा जो उद्योग आपल्याकडील गॅरेजांत रूढ झाला, त्याची हकीकत लिहून ठेवण्याजोगी आहे, असे मला मनापासून वाटते.

१९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराने पाव टन ओझे वाहणारी आणि चारही चाकांनी ओढणारी एक हलकी गाडी मागवली. त्या मागणीतून साकारलेली विलीस जीप महायुद्ध संपेपर्यंत विलीस व फोर्ड या दोन कंपन्यांच्या कारखान्यांतून सहा लाखांहून अधिक संख्येने बाहेर पडली. तिच्या प्रत्येक चाकात नऊ इंची ड्रम होता, ड्रमच्या पोटात दोन अर्धवर्तुळाकार शू होते, आणि पेडलवरचा दाब तेलामार्फत चारही चाकांकडे पोचवणारा एकुलता एक मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखालच्या पत्र्याखाली चासीला जखडलेला होता. ज्या कामासाठी ही गाडी घडवली गेली, त्याला ही व्यवस्था पुरून उरली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत मुंबईत माझगावला महिंद्रांनी जीपचे सुटे भाग जोडण्यास आरंभ केला, आणि हळूहळू कलेक्टर कचेरी, जंगलखाते, पाटबंधारे, पोलीस ठाणे अशा सर्वांच्या दारात ती उभी राहू लागली. पुढे तिची चासी लांबली, तिच्यात प्यूजो बनावटीचे डिझेल इंजिन आले, आणि सातारा-कोल्हापूरकडे ‘वडाप’ म्हणून दहाबारा माणसे, त्यांची गाठोडी आणि टपावर भाजीच्या पाट्या असा भार तिच्यावर नित्य चढू लागला. ब्रेकांचे तत्त्व मात्र बराच काळ युद्धकालीनच राहिले.

ड्रमची सरसकट निंदा करणे अन्यायाचे होईल. त्यातील एक शू चाकाच्या फिरण्यानेच ड्रमवर अधिकाधिक आवळला जातो, आणि त्यामुळे पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरवाचूनही केवळ पायाच्या जोरावर गाडी थांबते. परंतु ड्रम म्हणजे शेवटी झाकण लावलेला डबाच. लांब उतारावर ब्रेक दाबत उतरताना निर्माण होणारी उष्णता त्यातून लवकर बाहेर पडत नाही. तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर सरतो, शूवरच्या लायनरची पकड क्षीण होते, आणि दर वळणागणिक पेडल अधिक खोल जाऊ लागते. पावसाळ्यात ओढा ओलांडला की आत शिरलेले पाणी बाहेर पडण्यास विलंब लागतो, म्हणून जुने जाणते चालक पलीकडच्या काठावर आल्यावर पेडल हलके दाबून धरीत काही अंतर सावकाश जात, लायनर सुकले असा पायाला अंदाज आला की मगच वेग घेत. कोकणातला लाल चिखल एखाद्या चाकात अधिक साचला, तर ब्रेक लागताच गाडी एका अंगाला ओढे.

ड्रमऐवजी चाकाबरोबर फिरणारी उघडी तबकडी दोन्ही बाजूंनी चिमटीत धरण्याची, म्हणजेच डिस्कची, कल्पना काही नवी नव्हे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ सालीच तिचे पेटंट घेतले होते, पण त्याच्या रचनेत धातूवर धातू घासून असह्य किंकाळी उठे, आणि ती योजना मागे पडली. १९५३ साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्कब्रेक लावलेल्या जॅग्वारने ताशी शंभर मैलांहून अधिक सरासरी राखून विजय मिळवला, तेव्हा कोठे साऱ्या जगाचे लक्ष तिकडे वळले. १९५५ मध्ये सिट्रोएन डीएसला पुढे डिस्क आल्या, १९७० च्या रेंज रोव्हरला चारही चाकांना. अमेरिकेतील लहान, उघड्या जीपला मात्र पुढच्या डिस्क मिळण्यास १९७७ साल उजाडावे लागले.

आपल्याकडे २००० साली महिंद्रांची बोलेरो आली, तिच्या पुढच्या चाकांना डिस्क होत्या, आणि तिचे हब, डिस्क चिमटीत धरणारे कॅलिपर, त्यांतले पॅड बाजारात सहज मिळू लागल्याने जुन्या जीपवाल्यांची दृष्टी साहजिकच त्या मालाकडे गेली. तथापि हे काम नुसत्या जोडणीचे नाही. कॅलिपर धरण्यासाठी ब्रॅकेट लेथवर अचूक उतरवून घ्यावी लागते, आणि कॅलिपर रिमच्या आतल्या बाजूला घासत नाही ना, हे चाक हाताने फिरवून पाहावे लागते. डिस्कला ड्रमप्रमाणे स्वतःहून आवळले जाण्याचा गुण नाही, म्हणून बूस्टर हवा. बूस्टरला निर्वात पोकळी हवी. आणि डिझेल इंजिन ती पेट्रोल इंजिनासारखी आयती देत नाही, म्हणून निराळा व्हॅक्यूम पंप हवा. शिवाय कॅलिपरला तेल अधिक लागते, त्यामुळे जुना मास्टर सिलिंडर अपुरा पडतो. नवा सिलिंडर मूळ जागी, म्हणजे पायाखाली, ठेवला तर तेल कॅलिपरमधून मागे ओसरू नये म्हणून नळीत किंचित दाब राखणारा व्हॉल्व्ह घालावा लागतो. मात्र ड्रमसाठीचा जुना व्हॉल्व्ह तसाच राहिला, तर तोच दाब जास्त होऊन पॅड डिस्कला चिकटून राहतात आणि विनाकारण तापतात. हा बारकावा ज्या मिस्त्रीला ठाऊक आहे, त्याच्याच हाती गाडी द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. अखेरीस हवा काढण्याचा विधी: पोऱ्या पेडलवर, मिस्त्री गाडीखाली, निपलला लावलेली नळी तेलाच्या बाटलीत; “पंप मार, दाबून धर, आता सोड” असा घोष, आणि बाटलीतले बुडबुडे थांबून तेलाची अखंड धार येईपर्यंत दोघांपैकी कोणी उठत नाही.

कायद्याचीही एक बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये वाहनाच्या मूळ तपशिलात मनमानी फेरफार करण्यास मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा कडक अर्थ लावला. तेव्हा कामाला हात घालण्यापूर्वी परिवहन कार्यालयात रीतसर विचारणा करणे हेच मालकाच्या हिताचे.

मागच्या चाकांचे ड्रम बहुतेकांनी तसेच ठेवले, आणि ते योग्यच आहे. कारण ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो, आणि मागची चाके अकाली जखडली तर गाडी घसरते. महिंद्रांच्या २०१० च्या थारमध्येही पुढे डिस्क व मागे ड्रम हीच विभागणी होती. ज्यांना मागेही डिस्क हव्या असतात, त्यांच्यापुढे एरवी हातब्रेकचा मोठाच प्रश्न उभा राहिला असता; पण जुन्या जीपचा हातब्रेक मुळातच चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवर काम करतो, आणि पायब्रेकांत कितीही फेरबदल केले तरी त्याला यत्किंचितही धक्का लावावा लागत नाही. युद्धाच्या घाईत जीप आखणाऱ्या त्या अभियंत्यांचे हे आजच्या मिस्त्रीवर मोठेच उपकार आहेत.