चाक आणि थापी

कुंभाराला इकडे कुम्हार म्हणतात. पण त्याच्या चाकाला आम्हा ग्वाल्हेरच्या मराठी माणसांचा आणि आमच्या हिंदी शेजाऱ्यांचा शब्द एकच : चाक. दोन भाषांत वाढणाऱ्या वाचकांना अशा सामाईक शब्दांचे नवल नाही. शब्दाचे मूळ संस्कृत चक्रात सापडते. वस्तूचे मूळ मात्र असे एका जागी सापडत नाही.

वेगाने फिरणारे चाक इ. स. पूर्व चौथ्या सहस्रकात मेसोपोटेमियात रुळले. त्याआधी तेथे हाताने हळूहळू फिरवायची बैठक होती. मेक्सिकोतील सान बार्तोलो कोयोतेपेक या गावचे झापोतेक कुंभार आजही एका पालथ्या थाळीवर दुसरी उताणी ठेवून ती हाताने फिरवतात. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक येईपर्यंत त्या खंडात कुंभाराचे चाक नव्हते. सुबक भांडी मात्र होती.

आपल्याकडे, उज्जैनजवळच्या कायथा येथे वि. श्री. वाकणकरांनी १९६५-६६ साली उत्खनन केले. तेथे चार हजार वर्षांपूर्वीची, चाकावर घडवलेली भांडी निघाली. खापराच्या आतल्या बाजूच्या समांतर गोल रेषा ही चाकाची खूण.

पण मडके चाकावर पुरे होत नाही. ते बुडाशी उघडेच उतरवतात. मग आतून गोळ्याचा आधार देऊन बाहेरून लाकडी थापीने ठोकत बूड मिटवतात. हे काम पुष्कळदा घरातील बाईचे. चाकाला मात्र बाईने हात लावू नये, अशी रूढी कितीतरी कुंभारवाड्यांत होती. थापीने बाहेरच्या रेषा पुसल्या जातात. म्हणून 'चाकावरचे' अशी चिठ्ठी लावलेल्या खापरातही तिच्या हाताचा वाटा असू शकतो, आणि तो मला इतिहासात क्वचितच वाचायला मिळतो.

ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मो. बा. गर्दे यांनी पवाया, म्हणजे प्राचीन पद्मावती, येथे खणून काढलेली मृण्मय मस्तके गुजरी महालात आहेत. त्या चेहऱ्यांना चाक उपयोगाचे नव्हते. ते काम बोटांचे.

वाचकहो, यंदा पणती लावण्यापूर्वी ती पालथी करून पाहा. फिरत्या चाकावरून दोऱ्याने कापलेली असेल, तर बुडाशी वळणदार वळ दिसतील. माठ घ्याल तेव्हा मात्र बाहेरून थापीच्या खुणाही चाचपा. इतिहास दोन्हींकडे लिहिलेला आहे.