रेल्वेचा पास नेमका कोणासाठी? मनमाड–दौंड मार्गापासून युरेलपर्यंत

१/ परदेशी सहलीची आखणी सुरू झाली की एक प्रश्न हमखास पुढे येतो : रेल्वेचा पास घ्यावा की सुटी तिकिटे? उत्तर बहुधा किमतींच्या तक्त्यात शोधले जाते. वस्तुतः ते इतिहासात अधिक स्पष्टपणे सापडते. पास कोणी काढला, केव्हा आणि कोणासाठी, हे कळले की तो आपल्या कामाचा आहे की नाही हेही उमगते. आजचा धागा याच विषयावर; आरंभ मात्र आपल्या नगर जिल्ह्यातून.

२/ जी.आय.पी. रेल्वेच्या दोन शाखा कल्याणला फुटत. एक थळ घाट चढून मनमाड, भुसावळकडे जाई. दुसरी बोर घाटातून पुणे, दौंड, सोलापूरकडे. बोर घाटाचा चढ १८६३ साली खुला झाला, थळ घाटाचा १८६५ साली. अहमदनगर या दोन्ही शाखांच्या मध्ये, आणि दोन्हींपासून दूर. १८७६–७८ च्या भीषण दुष्काळात मनमाड–दौंड मार्गाच्या मातीकामावर दुष्काळग्रस्तांना मजुरी मिळाली आणि १८७८ साली हा सुमारे २३५ किलोमीटरचा मार्ग सुरू झाला. कोपरगाव, पुणतांबे, बेलापूर, राहुरी, नगर ही स्थानके त्यातूनच नकाशावर आली.

३/ या मार्गाची गंमत अशी की बांधणी सरकारी खात्यावर आणि गाड्या चालवणारी कंपनी जी.आय.पी. पुढे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाडला निजामाच्या राज्यातील मीटरगेज मार्गही येऊन मिळाला. नगरहून औरंगाबादला निघालेल्या माणसाचा प्रवास एकच; पण रूळ दोन मालकांचे, रुंदीही वेगळी. मग भाड्यातला कोणाचा वाटा किती?

४/ हा प्रश्न ब्रिटनमध्ये आधीच सोडवला गेला होता. १८३० च्या दशकाच्या अखेरीस टॉमस एडमंडसन याने क्रमांक छापलेले पुठ्ठ्याचे छोटे तिकीट रूढ केले; विकलेल्या तिकिटांचा हिशेब त्यामुळे चोख राहू लागला. १८४२ साली लंडनमध्ये ‘रेल्वे क्लिअरिंग हाउस’ स्थापन झाले. प्रवासी एकदाच पैसे भरी आणि कंपन्या आपापसांत वाटणी करीत. अनेक रेल्वे आणि तिकीट एक, ही कल्पना या हिशेबातून उभी राहिली. पास हे तिचेच पुढचे पाऊल.

५/ १९५९ साली पश्चिम युरोपातील १३ देशांच्या रेल्वेंनी मिळून ‘युरेलपास’ काढला. काळ लक्षात घ्या. मोटारगाड्या वाढत होत्या आणि अटलांटिक ओलांडणारी जेट विमाने नुकतीच सुरू झाली होती. डॉलर घेऊन येणारा अमेरिकी पाहुणा रेल्वेकडे वळावा, हा हेतू होता. म्हणून पास प्रथम वर्गाचा होता आणि तो युरोपात राहणाऱ्यांसाठी नव्हताच.

६/ युरोपातल्या तरुणांचे काय? त्यांच्यासाठी १९७२ साली ‘इंटररेल’ आला. निमित्त होते आंतरराष्ट्रीय रेल्वे संघाच्या पन्नाशीचे. वय २१ किंवा त्याहून कमी, मुदत एक महिना, देश २१. मात्र स्वतःच्या देशात फुकट प्रवास नव्हता. तेथे अर्धे भाडे द्यावे लागे. घरचा प्रवासी कसेही करून तिकीट काढणारच, त्याला सूट कशाला? हा व्यापारी विचार नीट ध्यानात ठेवावा.

७/ जपानच्या राष्ट्रीय रेल्वेने १९८१ साली परदेशी पर्यटकांसाठी ‘जपान रेल पास’ सुरू केला. १९८७ साली ती रेल्वे विभागली जाऊन निरनिराळ्या कंपन्या झाल्या, तरी पास एकच राहिला. येथेही सामायिक हिशेबाचे तत्त्व तेच.

८/ भारतानेही हाच मार्ग धरला होता. ‘इंडरेल पास’ परदेशी नागरिकांना आणि अनिवासी भारतीयांना मिळे, तोही परकीय चलनात. मुदत अर्ध्या दिवसापासून ९० दिवसांपर्यंत. आरक्षण शुल्क नाही, सुपरफास्ट अधिभार नाही. आरक्षण मात्र करावेच लागे. देशाला परकीय चलनाची निकड होती, त्या काळाचे हे अपत्य. २०१७ साली तो बंद झाला.

९/ आता नगरकडे वळू. अरणगावजवळचे मेहेराबाद लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंना पसरले आहे. मेहेरबाबांनी १९६९ साली देह ठेवला. त्यांच्या समाधीच्या दर्शनाला जगभरातून भक्त येतात. दिल्लीहून झेलम, गोवा किंवा कर्नाटक एक्स्प्रेसने नगरला उतरता येते. आता विचार करा : असा भक्त एकदा येऊन महिनाभर येथेच राहणार असेल, तर महिन्याचा पास त्याच्या काय कामाचा? पास दिवस मोजतो, श्रद्धा मोजत नाही. एका जागी राहणाऱ्या यात्रेकरूला तिकीट पुरते. पास भटक्याला लाभतो.

१०/ या इतिहासातून निवडीची पहिली कसोटी निघते : पारपत्रापेक्षा वास्तव्य महत्त्वाचे. जर्मनीत शिकणारी नगरची मुलगी आज इंटररेल घेईल. तिला भेटायला जाणारे आईवडील युरेल घेतील. तिच्या पासावर जर्मनीतला प्रवास देशाबाहेर जाण्यापुरता एकदा आणि परतीचा एकदा, एवढाच. जपानमध्ये नोकरी करणारा मराठी अभियंता तेथील पासला अपात्र. अल्पकालीन पर्यटक म्हणून आलेला त्याचा भाऊ पात्र.

११/ दुसरी कसोटी अंकगणिताची. टोकियो–क्योटो एकेरी भाडे सुमारे १४,००० येन, म्हणजे जाऊन-येऊन २८,०००. सात दिवसांचा जपान पास २९,६५० येनला होता तोवर आणखी एखादी छोटी फेरी केली की पैसे वसूल होत. ऑक्टोबर २०२३ मध्ये तोच पास ५०,००० येनचा झाला. आता थेट हिरोशिमा गाठून टोकियोला परतले तरी खर्च ४०,००० येनच्या आसपास राहतो. जुन्या प्रवासवर्णनांतला ‘पास घ्याच’ हा सल्ला त्या काळापुरता खरा होता. जुने साधन वाचताना त्याचा काळ तपासावा, हा इतिहासाचा नियम येथेही लागू पडतो.

१२/ तिसरी कसोटी आरक्षणाची. फ्रान्समधील टीजीव्ही किंवा इटलीतील वेगवान गाड्यांत पास असूनही आरक्षणाचे पैसे वेगळे द्यावे लागतात. जर्मनीतील प्रादेशिक गाड्यांत तसे नाही. तेव्हा पासच्या किमतीत हे शुल्क मिळवूनच तुलना करावी. २७ वर्षांपर्यंतच्या तरुणांना युरेल आणि इंटररेल दोन्ही सवलतीत मिळतात, हेही विसरू नये.

१३/ आणि घरच्या प्रवाशाला काहीच नाही का? आहे. भारतीय रेल्वेचे चक्राकार प्रवास तिकीट. जेथून निघालो तेथेच परतायचे, वाटेत आठ ठिकाणांपर्यंत थांबता येते. अंतर वाढते तसा किलोमीटरमागचा दर उतरत जातो. म्हणून सलग हिशेबाचे एक तिकीट तुकड्यातुकड्यांच्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडते. नगरहून भारत पाहायला निघणाऱ्याने याची चौकशी अवश्य करावी.

१४/ सारांश : पास ही सरसकट सवलत नव्हे. पाहुण्याने अधिक फिरावे, अधिक खर्चावे, यासाठी यजमानाने मांडलेला तो करार आहे. करार वाचताना आधी पाहावे की त्यात ‘पाहुणा’ कोणाला म्हटले आहे, आणि आपण खरोखर तेवढे फिरणार आहोत का. दोन्ही उत्तरे होकारार्थी असतील तर पास घ्यावा. एरवी साधे तिकीट काढून निश्चिंत मनाने खिडकीशी बसावे.

धागा समाप्त.